पालेर्मोच्या कढईसमोर: बाल्लारो बाजारातल्या खाण्याचे परीक्षण

सिसिली बेटावर जाणाऱ्या मराठी पर्यटकाने पालेर्मो शहरात निदान एक दुपार पास्ता आणि पिझ्झा यांचे नावही न काढता बाल्लारो बाजारात उभ्याने खात घालवावी, अशी शिफारस मी निःशंकपणे करीन. काझा प्रोफेस्सा चर्चच्या चौकापासून कोर्सो तुकोरी या रस्त्यापर्यंत पसरलेला हा बाजार शहरातील सर्वांत जुन्या बाजारांपैकी एक आहे. मासळी, वांगी, लिंबे आणि ऑलिव्ह यांचे ढीग, त्यांवर ताणलेली कापडी छते आणि विक्रेत्यांच्या सुरात दिलेल्या आरोळ्या यांच्यामधून वाट काढताना तळणाची लहानलहान दुकाने लागतात, ज्यांना स्थानिक लोक फ्रिज्जितोरिया म्हणतात. पालेर्मोचा माणूस सकाळी अकराच्या सुमारास भूक लागली म्हणून, किंवा दुपारी घरी जाणे जमत नाही म्हणून जे खातो ते येथे मिळते आणि चार-पाच युरोंत पोटही भरते. शहराचे खरे जेवण उपाहारगृहांच्या टेबलांवर नसून या कढयांसमोर आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र प्रत्येक कढई सारख्याच योग्यतेची नाही, म्हणून हे परीक्षण.

ज्या दुकानाविषयी प्रामुख्याने लिहीत आहे त्याला सांगण्यासारखे नाव नाही. रस्त्याकडे तोंड असलेला एक संगमरवरी ओटा, त्यामागे रुंद काळी कढई, शेजारी तिळाच्या पावांची टोपली आणि भिंतीला टेकवलेली लिंबांची पेटी, एवढाच त्याचा संसार. तळणारा गृहस्थ पन्नाशीच्या पुढचा असून एकटाच कढई सांभाळतो, तर पाव कापणे, भरणे आणि पैसे घेणे ही कामे एक बाई करतात. बसायला जागा नाही, पदार्थांची यादी नाही आणि बोलण्यात वेळ घालवण्याची पद्धतही नाही. आपण बोट दाखवायचे आणि वाट पाहायची. ही वाट फार तर चार मिनिटांची असते, कारण गिऱ्हाईक सतत येत असते आणि कढईतला घाणा उतरला की तो ताटात थंड होण्याआधीच संपतो. या दुकानाचा सारा मोठेपणा या एका गोष्टीत आहे.

येथील मुख्य पदार्थ म्हणजे पानेल्ले. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि बारीक चिरलेली पार्सली यांपलीकडे त्यात काही नसते. क्वचित कोणी बडीशेप घालतो. एक किलो पिठाला सुमारे तीन लिटर पाणी घेऊन, ते आधी थंडच एकजीव करून, मंद आचेवर सतत ढवळत शिजवले जाते. हात थांबला की गुठळ्या होतात, आणि गुठळी झालेले मिश्रण कितीही चाळले तरी पूर्वपदावर येत नाही. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडू लागले की ते गरम असतानाच साच्यात भरतात किंवा ताटाच्या पाठीवर पातळ थापतात. जुन्या काळी यासाठी फुलापानांची नक्षी कोरलेले लाकडी साचे असत, आता बहुतेक जण नळकांड्यासारख्या डब्यात भरून थंड झाल्यावर चकत्या कापतात. या दुकानात आयताकृती तुकडे केले जातात. तळणारा ते पत्त्यांसारखे हातात धरून एकेक सुटा करत तेलात सोडतो. पडताक्षणी तुकडा तळाशी जातो, मग वर येऊन हलकेच फुगतो आणि आधी फक्त त्याच्या कडा सोनेरी होतात. मधला भाग फिकटच असताना तो बाहेर काढला जातो. याहून जास्त तळला तर पानेल्ले कडक होतात आणि त्यांचा आतला मऊ, जवळजवळ साईसारखा भाग नाहीसा होतो. या दुकानातला माणूस हा क्षण चुकवत नाही.

मराठी वाचकाच्या हे लगेच ध्यानात येईल की ही कृती पाटवडीची आहे: पीठ शिजवायचे, थापायचे, कापायचे. फरक आहे तो नंतरच्या भागात. आपण त्या पिठाला आले, मिरची, हिंग आणि फोडणी यांनी सजवतो, तर पालेर्मोचा माणूस त्याला जवळपास उघडेच ठेवतो आणि सगळा भार तेलाच्या ताजेपणावर व लिंबावर टाकतो. तीन-चार पानेल्ले मफाल्दा नावाच्या तिळाच्या पावात भरून त्यांवर मीठ भुरभुरले जाते आणि अर्धे लिंबू पिळले जाते, बस्स. पहिल्या घासाला हे मिळमिळीत वाटण्याची शक्यता आहे, हे मान्य केले पाहिजे. माझ्यासोबतच्या मंडळींपैकी एकांनी तर पिशवीतून लसणाची कोरडी चटणी काढण्याची तयारी केली होती. परंतु लिंबाचा आंबटपणा, तिळाचा खमंगपणा आणि शिजलेल्या हरभऱ्याची किंचित गोडसर चव यांचा मेळ दोन-तीन घासांत जमून येतो, आणि मग चटणीची आठवण राहत नाही. पावही येथे निमित्तमात्र नसतो. तो ड्युरम जातीच्या कठीण गव्हाचा, पिवळसर आणि कवचाला किंचित कुरकुरीत असल्यामुळे तेलकट भरण पोटात घेऊनही ओला होत नाही.

पानेल्ल्यांसोबत त्याच पावात बटाट्याचे क्रोके घालून घेण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी. उकडलेला बटाटा, मीठ, मिरपूड आणि पार्सली किंवा पुदिना यांचे बोटभर लांबीचे हे गोळे पालेर्मोच्या पारंपरिक पद्धतीत ब्रेडच्या चुऱ्यात घोळवत नाहीत; बटाट्याचा स्वतःचाच पृष्ठभाग तेलात करकरीत व्हावा लागतो. त्यासाठी पाणी कमी असलेला जुना बटाटा लागतो. नवा बटाटा वापरणाऱ्याचे क्रोके तेलात फुटतात आणि कढईत नुसता चोथा राहतो. पुदिन्याचे पान मात्र या दुकानात जरा सढळ हाताने पडते, आणि ते मला खटकले. ज्यांना उरलेसुरले खाण्यात कमीपणा वाटत नाही त्यांनी रास्कातुरा मागून पाहावा: पातेल्याला चिकटलेले पानेल्ल्यांचे आणि क्रोक्यांचे मिश्रण खरवडून, एकत्र मळून तळलेले हे वेडेवाकडे गोळे असतात. ते रोज मिळत नाहीत आणि मिळाले तर लवकर संपतात. चवीला ते दोन्ही मूळ पदार्थांपेक्षा सरस आहेत, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

हरभऱ्याच्या पिठाचा हा मान सिसिलीत अरब राजवटीतून आला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अरबांनी ८३१ मध्ये पालेर्मो घेतले आणि १०७२ मध्ये ते नॉर्मन लोकांच्या हाती गेले. मधल्या अडीच शतकांनी या शहराच्या स्वयंपाकघराला जे दिले त्यात हे पीठ असावे, हा तर्क पटण्यासारखा आहे. उत्तर इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरही याच पिठाची भट्टीत भाजलेली फारिनाता मिळते, आणि लिव्होर्नो या बंदरात तशीच भाजलेली वडी पावात घालून खातात. भाजलेल्या त्या प्रकारांपेक्षा तळलेला पालेर्मोचा प्रकार मला उजवा वाटतो. हा पक्षपात तळणाविषयीचा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता आरांचिने. केशर घालून शिजवलेल्या भाताचा गोळा, त्याच्या पोटात सारण, वर पीठ-पाण्याच्या पातळ घोळाचा आणि ब्रेडच्या चुऱ्याचा थर, आणि मग भरपूर तेलात तळण, असा हा सिसिलीचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ आहे. पालेर्मोत तो संत्र्यासारखा गोल असतो, तर बेटाच्या पूर्वेकडील कातानियात बहुधा टोकदार. परंपरेने सारणाचे प्रकार दोन: एक खिमा, टोमॅटो आणि मटार यांचा, दुसरा लोणी-दुधाच्या पांढऱ्या सॉसमधले हॅम आणि मोझ्झारेल्ला यांचा. १३ डिसेंबरला, सांता लुचिया या ख्रिस्ती संत स्त्रीच्या दिवशी, पालेर्मोचे लोक पाव आणि पास्ता वर्ज्य करतात आणि त्याऐवजी आरांचिने व उकडलेल्या गव्हाची कुच्चिया खातात. १६४६ च्या दुष्काळात धान्याचे जहाज बंदराला लागले तेव्हा उपाशी लोकांनी गहू दळण्याची वाटही न पाहता तो तसाच शिजवून खाल्ला, अशी या प्रथेमागची कथा आहे. त्या दिवशी शहरभर आरांचिन्यांचा महापूर लोटतो आणि प्रत्येक घाणा गरमच हातात पडतो; वर्षाच्या इतर दिवशी मात्र याच पदार्थात फसगत होण्याचा धोका सर्वाधिक आहे.

कारण साधे आहे. मुठीपेक्षा मोठा हा गोळा आतपर्यंत गरम व्हायला वेळ लागतो, आणि म्हणून गर्दीच्या रस्त्यांवरची अनेक दुकाने तो सकाळीच तळून काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. पर्यटकांच्या वर्दळीच्या एका रस्त्यावर, झगमगीत फलक आणि पिस्त्यापासून कोळंबीपर्यंत वीसेक सारणांची यादी असलेल्या एका दुकानात मला असाच मायक्रोवेव्हमधून काढलेला आरांचिना मिळाला. बाहेरचे कवच रबरासारखे लवचिक झाले होते, भात गरम होता आणि मधले चीज थंडगार. पालेर्मोच्या नावावर याहून मोठा अन्याय करता येणार नाही. बाल्लारोतल्या आमच्या दुकानात आरांचिने दिवसातून ठरावीक वेळीच तळले जातात, सारण एकच असते, आणि संपले की बाई हात हलवून नकार देतात. तेथील भात सुटा, केशराने पिवळा आणि मांसरसाने ओलसर होता, कवच दाताखाली फुटत होते, आणि मटार अजून हिरवे दिसत होते. सारणांची यादी जितकी लांब, तितका आरांचिना शिळा असण्याची शक्यता अधिक, हे सूत्र धरून चालावे.

बाजाराच्या तोंडाशी, आणि शहरात इतरत्रही, स्फिंचोने नावाची पोळी विकणाऱ्या तीनचाकी गाड्या दिसतात. ही गाडी म्हणजे पियाज्जो कंपनीची आपे, जी इटलीत १९४८ पासून बनू लागली आणि जिची भारतीय भावंडे बारामतीच्या कारखान्यातून निघून आपल्या गावोगावी धावतात. सिसिलीत तिला लापा म्हणतात आणि तिच्या मागच्या हौद्यात पोळीचे मोठे पत्रे रचलेले असतात. गाडीवरच्या कर्ण्यातून ध्वनिमुद्रित आरोळी ऐकू येते, तिच्यात विक्रेता आपल्या मालाची जाहिरात ‘तेल कमी आणि धूळ भरपूर’ अशा शब्दांत करतो. स्वतःच्या मालाची अशी थट्टा करणारा दुकानदार मला तरी दुसरीकडे आढळला नाही. स्फिंचोने म्हणजे जाड, जाळीदार आणि मऊ पोळी, तिच्यावर टोमॅटो आणि भरपूर कांद्याचा शिजवलेला रस, अँचोव्ही मासळी, काचोकावाल्लो चीज, ओरेगानो आणि सर्वांत वर ब्रेडचा भाजका चुरा. मोझ्झारेल्लाची तार ओढण्याची हौस असलेल्यांची येथे निराशा होईल, पण कांद्याच्या चाहत्यांची होणार नाही. दहाव्या शतकात येथे येऊन गेलेल्या इब्न हौकल या अरब प्रवाशाने पालेर्मोच्या लोकांच्या बुद्धीमांद्याचे खापर त्यांच्या कच्चा कांदा खाण्याच्या सवयीवर फोडले होते. हजार वर्षांनंतर हा कांदा निदान शिजून येतो, एवढी सुधारणा नोंदवली पाहिजे. परीक्षक म्हणून सांगायचे तर स्फिंचोने हा या यादीतला सर्वांत कमी लेखला गेलेला पदार्थ आहे. तो कोमटच खायचा असतो, त्यामुळे ‘ताजे तेल’ ही कसोटी येथे लागू होत नाही. मात्र आदल्या दिवशीची पोळी कडेला वाळलेली असते आणि ती डोळ्यांना लगेच कळते.

मांसाहारी वाचकांसाठी पालेर्मोची खरी परीक्षा म्हणजे पानी का मेउसा. वासराची प्लीहा आणि फुफ्फुस उकडून, पातळ चिरून, डुकराच्या चरबीत परतून वास्तेदा नावाच्या मऊ गोल पावात भरतात. घटक कोणते आहेत हे आधीच स्वच्छ सांगितलेले बरे, कारण दुकानात कोणी सांगत नाही आणि आपल्यापैकी अनेकांना त्यातले एक किंवा दोन्ही चालणार नाहीत. मध्ययुगात येथील यहुदी खाटकांना धर्मनियमामुळे कत्तलीच्या कामाची मजुरी रोख घेता येत नसे, म्हणून ते जनावराचे आतले अवयव घेत आणि ते शिजवून विकत, असे या पदार्थाचे मूळ सांगतात. १४९२ च्या राजाज्ञेनंतर यहुद्यांना सिसिली सोडावी लागली, पण पदार्थ मागे राहिला. तो दोन प्रकारे मिळतो: नुसत्या लिंबासह घेतला तर ‘अविवाहित’ आणि वर रिकोत्ता हे मऊ, ताजे चीज व काचोकावाल्लो घातले तर ‘विवाहित’. विक्रेता तिरक्या ठेवलेल्या पातेल्यातून दोन दातांच्या काट्याने तुकडे उचलतो, चरबी निथळू देतो आणि पावात दाबतो. वजडी आवडीने खाणाऱ्या माणसाला पोत नवा वाटणार नाही, परंतु लोखंडासारखी एक चव मागे रेंगाळते, ती लिंबानेही पूर्ण जात नाही. मला ‘विवाहित’ प्रकार अधिक सुसह्य वाटला. आवडला, असे म्हणवत नाही. तो बसून, शांतपणे खाण्यासाठी सान फ्रान्चेस्को चर्चसमोरचे आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रान्चेस्को हे १८३४ मध्ये सुरू झालेले जुने उपाहारगृह प्रसिद्ध. टेबल-खुर्च्या आणि जुन्या काळची शान ही त्याची ओळख.

याच वर्गातली स्तिग्योला, म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली कोकराची आतडी, संध्याकाळी धुराच्या लोटांवरून शोधता येते. मीठ-लिंबासह गरमागरम खाल्ली तर ती मेउसापेक्षा कितीतरी सोपी आहे. फ्रित्तोला, म्हणजे वासराच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे तळण, याविषयी एवढेच सांगतो की विक्रेता कापडाने झाकलेल्या टोपलीत हात घालून, आतले काहीही न दाखवता, मूठभर ऐवज कागदावर काढून देतो. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा असतो. मी ठेवला नाही.

शाकाहारी मंडळींनी येथे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण डोळे उघडे ठेवावेत. पानेल्ले आणि क्रोके हे दोन्ही मुळात निर्मांस आहेत. मात्र त्याच कढईत आरांचिनेही तळले जात असतील तर तेलाचा प्रश्न उरतो, आणि ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्यांनी फक्त पानेल्ले-क्रोके करणारी दुकाने शोधावीत. तशी दुकाने आहेत. लोण्याच्या सारणाच्या आरांचिन्यात ‘बुर्रो’ (लोणी) हे निरुपद्रवी नाव ऐकून फसू नये, कारण आत हॅम असते. स्फिंचोनेवर अँचोव्ही असते आणि ती सॉसमध्ये विरघळून गेल्यामुळे वेचून काढता येत नाही. बेकरीच्या कपाटातल्या गोडसर, फुगीर पावांच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात, हेही लक्षात ठेवावे. ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढे सांगून काम भागत नाही, कारण कित्येक विक्रेत्यांच्या लेखी हॅम आणि मासळी मांसात मोडत नाही.

सेवेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बाल्लारोतल्या दुकानात सुटे पैसे द्यावेत, कार्ड काढल्यास भुवया उंचावतात. बारमध्ये, म्हणजे कॉफी-नाश्त्याच्या दुकानात, किंवा मोठ्या दुकानात बऱ्याचदा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते आणि ती ओट्यावर दाखवल्यावरच पदार्थ मिळतो. ही रीत ठाऊक नसलेला माणूस ओट्यासमोर ताटकळत राहतो आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. स्वच्छता बाजाराच्या बेताची आहे. हात पुसायला मिळणारा कागद तेल शोषण्याऐवजी पसरवतो, तेव्हा स्वतःचा रुमाल न्यावा. जाण्याची सर्वांत चांगली वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक. त्याआधी तेल तापलेले नसते. पानेल्ले भरलेला पाव साधारण दोन-तीन युरोंना आणि आरांचिनाही तेवढ्यालाच मिळतो, आणि या किमतीत युरोपच्या कुठल्याही मोठ्या शहरात याहून चांगले खाणे मिळेल असे मला वाटत नाही.

तळणानंतर गोडाची इच्छा झाली तर कान्नोलो घ्यावा, पण त्यालाही कढईचाच नियम लावावा. तळलेल्या नळीत मेंढीच्या दुधाचा गोड रिकोत्ता आपल्यादेखत भरला जात असेल तरच पैसे द्यावेत. आधीच भरून ठेवलेल्या कान्नोलोची नळी तासाभरात ओली होते, आणि वरची पिस्त्याची भुकटी कितीही हिरवीगार असली तरी ती दोष झाकण्यासाठीच असते.